पुढच्या हातासाठी

बाबांच्या ॲम्बॅसडरच्या डॅशबोर्डवर एक लहानसा लाल दिवा आहे. किल्ली फिरवली की तो लागतो आणि इंजिनाने जरा वेग घेतला की विझतो. विझला म्हणजे समजायचं, डायनमो वीज तयार करतो आहे, बॅटरीवरचा भार उतरला आहे. लहानपणी पुढच्या सीटवर बसायला मिळालं की तो दिवा विझण्याची वाट बघणं हे माझं काम असे. मी ‘गेला’ म्हणून सांगायचे आणि मग बाबा गाडी फाटकाबाहेर काढायचे.

गेल्या दिवाळीच्या आधी तो विझेनासा झाला.

बाबांना जाऊन तीन वर्षं झाली. गाडी रायपूरच्या चौबे कॉलनीत, आमच्या घराच्या पोर्चमध्ये उभी असते. मार्क टू, १९७१ सालची. बाबांनी ती १९८३ मध्ये जुनी म्हणून घेतली आणि पुढे जवळजवळ चाळीस वर्षं ‘गाडी जुनी आहे, पण ओरिजिनल आहे’ हे वाक्य आल्यागेल्याला ऐकवलं. आता ती विकायची असं पुण्याच्या दादाचं आणि माझं ठरलं होतं. मला ती नीट चालवता येत नाही आणि त्याच्याकडे ती ठेवायला जागा नाही. नागपूरचे एक गृहस्थ, जुन्या गाड्यांचे शौकीन, येऊन बघून गेले होते. त्यांनी बॉनेट उघडून बराच वेळ आत पाहिलं आणि एकच प्रश्न विचारला, “सगळं ओरिजिनल आहे ना?” मी बाबांच्याच सुरात ‘हो’ म्हटलं. दिवा न विझण्याची गोष्ट त्यानंतरची.

दादा फोनवर म्हणाला, “अगं, डायनमो काढ आणि अल्टरनेटर बसव. आता डायनमोच्याच आकाराचे मिळतात. बाहेरून तेच नळकांडं, तीच दोन टोकं, आत अल्टरनेटर. त्यांना काय कळणार आहे? आणि कळलं तरी गाडी पहिल्यापेक्षा चांगलीच चालेल.”

त्याचं शेवटचं वाक्य खरं होतं आणि तीच अडचण होती. अल्टरनेटर हा डायनमोपेक्षा बहुतेक सगळ्या बाबतींत सरस असतो. वजनाला हलका, देखभाल कमी, आणि मुख्य म्हणजे गाडी सिग्नलला उभी असतानाही तो वीज देतो. डायनमो उभ्या गाडीत जवळजवळ काहीच देत नाही. पावसाळ्याच्या रात्री फाटकाशी गाड्या खोळंबल्या की हेडलाइट, वायपर, हॉर्न सगळं बॅटरीच्या जिवावर चालतं. तेव्हा दादा मला वाईट वस्तू बसवायला सांगत नव्हता. चांगली वस्तू बसव आणि बोलू नकोस, एवढंच सांगत होता.

कायद्याचीही आडकाठी नव्हती. केंद्र सरकारने २०२१ मध्ये जुन्या गाड्यांच्या नोंदणीसाठी वेगळे नियम केले. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं उलटून गेलेल्या गाडीला ‘व्हीए’ ही अक्षरं असलेला नंबर मिळू शकतो. अट अशी की गाडी मूळ रूपात राखलेली असावी. चासी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार केलेला नसावा. डायनमोचं नाव त्या अटीत नाही. म्हणजे आत काय फिरतं आहे याच्याशी सरकारला देणंघेणं नाही, नागपूरच्या गृहस्थांना ते दिसणार नाही आणि गाडी सुधारेल. कोणाचंच नुकसान नाही. तरी मला काही तरी खटकत होतं आणि काय खटकतं आहे ते सांगता येत नव्हतं.

टाटीबंधच्या बाजूला, जिथे जी. ई. रोडवर ट्रकांच्या रांगा उभ्या असतात, तिथे गाड्यांचं विजेचं काम करणारे एक वृद्ध मिस्त्री आहेत. सगळे त्यांना उस्ताद म्हणतात. ते घरी आले. मी त्यांच्यापुढे सगळे पर्याय मांडले: नवं आर्मेचर, दुसऱ्या गाडीचा डायनमो, डायनमोच्या रूपातला अल्टरनेटर. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, “दीदी, आपने अपनी सुना दी. पहले उससे भी तो पूछ लें.”

मग त्यांनी त्याला कसं विचारलं, ते सांगते.

आधी अंगठ्याने फॅनबेल्ट दाबून पाहिला. तो सैल असेल तर पुढचं सगळं व्यर्थ. बेल्ट ठीक होता. डायनमोच्या पाठीवर दोन टोकं असतात. एक मोठं, ‘डी’; तयार झालेली वीज इथून बाहेर पडते. दुसरं लहान, ‘एफ’. आतल्या चुंबकाच्या गुंडाळीला, म्हणजे फील्डला, वीज इथून मिळते. उस्तादांनी दोन्हींच्या तारा काढून बाजूला केल्या. एका उघड्या तारेच्या तुकड्याने ‘डी’ आणि ‘एफ’ एकमेकांना जोडले. काट्याच्या जुन्या मीटरची एक तार त्या जोडावर, दुसरी इंजिनाच्या अंगावर लावली. मला सांगितलं, इंजिन सुरू करा आणि अगदी हळू वेग वाढवा, जोरात मुळीच नाही.

या उलाढालीचा अर्थ मला नंतर कळला. एरवी डायनमो एकटा नसतो. त्याच्यामागे रेग्युलेटर असतो, ज्याला इथले मिस्त्री कटआउट म्हणतात. बॅटरी असते, दिवे असतात, वीसेक तारा असतात. दिवा विझत नाही याचा दोष यांतल्या कोणाचाही असू शकतो. दोन तारा काढल्या की हे सगळे बाजूला होतात. आता तो जे काही दाखवील ते त्याचं स्वतःचं.

उत्तरं साधारण तीन असतात. वेग थोडा वाढवताच काटा न थरथरता वीस व्होल्टच्या आसपास गेला, तर डायनमो निर्दोष आहे, चोर दुसरीकडे शोधा. चार-पाच व्होल्टवर अडला, तर आर्मेचर बिघडलं आहे. आणि अर्धा ते एक व्होल्टच्या वर सरकलाच नाही, तर फील्डची गुंडाळी कुठे तरी तुटली आहे. इतकं साधं. त्या साध्या गोष्टीसाठी आम्ही दोन आठवडे फोनवर वाद घातला होता, आणि आमच्यापैकी एकानेही बॉनेट उघडलं नव्हतं.

काटा पाऊण व्होल्टवर जाऊन थांबला. मी म्हटलं, “म्हणजे संपला.” उस्ताद म्हणाले, “नहीं. इतना है, मतलब ज़िंदा है.”

त्या पाऊण व्होल्टबद्दल मला थांबून बोलायचं आहे. डायनमोत कायमचा चुंबक नसतो. तारेच्या गुंडाळीतून वीज गेली की तिच्या आतलं लोखंड चुंबक बनतं, आणि त्या चुंबकाच्या पोटात आर्मेचर फिरलं की वीज तयार होते. म्हणजे विजेसाठी चुंबक हवा आणि चुंबकासाठी वीज हवी. आधी बी की आधी झाड? याचं उत्तर लोखंडात आहे. मागच्या खेपेला जे चुंबकत्व आलं होतं, त्यातलं अगदी थोडं लोखंडात उरून राहतं. आर्मेचर त्या उरलेल्यावर फिरू लागतं, अर्धा-पाऊण व्होल्ट निर्माण होतो, तो फील्डच्या गुंडाळीत जातो, चुंबकत्व किंचित वाढतं, त्यामुळे वीज किंचित वाढते, तीही फील्डला मिळते. हातउसन्या पैशावर धंदा उभा राहावा तसा काटा बघता बघता वीसवर जातो. आमच्या डायनमोत भांडवल शिल्लक होतं, पण ते फिरवून वाढवणारी वाट तुटली होती.

ही युक्ती नक्की कोणाची, तेही एका नावावर टाकता येत नाही. वेर्नर सिमेन्सचं संशोधन बर्लिनच्या अकादमीपुढे मांडलं गेलं ते जानेवारी १८६७ मध्ये. लंडनच्या रॉयल सोसायटीत त्याच वर्षी १४ फेब्रुवारीला सिमेन्सचा आणि चार्ल्स व्हीटस्टनचा असे दोन निबंध याच विषयावर एकाच दिवशी वाचले गेले. सॅम्युएल व्हार्लीने पेटंटसाठी अर्ज केला होता डिसेंबर १८६६ मध्ये. आणि हंगेरीतल्या आन्योश येडलिक नावाच्या एका धर्मगुरू प्राध्यापकाला तीच गोष्ट काही वर्षं आधीच सुचली होती. त्याने तिचा गाजावाजा केला नाही, इतकंच. ‘ओरिजिनल’ हा शब्द मला तेव्हापासून जरा जपून उच्चारावासा वाटतो.

उस्तादांनी डायनमो काढून पोर्चमधल्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून ठेवला. दोन लांब बोल्ट सोडवले, मागचं झाकण ओढलं, काळी कार्बनची पूड कागदावर सांडली. त्यांनी झाकण उजेडाकडे नेलं आणि मला जवळ बोलावलं. आतल्या बाजूला, जिथे झाकण लावल्यावर कोणाचीही नजर पोचणार नाही अशा ठिकाणी, टोकदार कशाने तरी कोरलं होतं: ‘७९’. शेजारी एक अक्षर: ‘र’.

“ये कंपनी का बँधा नहीं है,” उस्ताद म्हणाले. “सन उन्यासी में किसी ने खोला है. अच्छा काम किया है.”

१९७९. बाबांनी गाडी घेण्याच्या चार वर्षं आधी. म्हणजे बाबा ज्याला चाळीस वर्षं मूळचा म्हणत आले, तो त्यांच्याकडे आला तेव्हाच दुरुस्त केलेला होता. ते खोटं बोलत नव्हते, त्यांना माहीत नव्हतं. पण मला आता माहीत झालं होतं, आणि तेच वाक्य यापुढे मी बोलले तर ते खोटं होणार होतं. एकच वाक्य, तेच शब्द, बाबांच्या तोंडी चूक आणि माझ्या तोंडी लबाडी.

तो आकडा पाहिल्यावर उस्ताद शोधत बसले नाहीत. फील्डच्या दोन गुंडाळ्या असतात आणि त्या एका तारेने एकमेकींना जोडलेल्या असतात. कंपनीचा माल असता तर कुठे तुटलं ते सगळीकडे तपासावं लागलं असतं. हाताने केलेलं काम म्हटल्यावर त्यांनी सरळ दोन गुंडाळ्यांमधल्या जोडावरची कापडी पट्टी सोडवली. झाळ तिथेच तुटली होती. चाळीस वर्षांहून जास्त काळाची उष्णता आणि थरथर सोसून सुटलेला, बोटाच्या पेराएवढा जोड. बाकी गुंडाळी धड होती. मीटरवर प्रत्येक बाजू वेगळी मोजली तेव्हा दोन्ही मिळून सहा ओमच्या जवळपास भरल्या, जेवढ्या भरायला हव्यात तेवढ्या. आम्ही जो अख्खा डायनमो फेकायला निघालो होतो, त्यात तुटलं होतं ते एवढंच.

त्यांनी जोड नव्याने झाळला, नवी पट्टी गुंडाळून वॉर्निश लावलं. आर्मेचरच्या टोकाशी तांब्याच्या पट्ट्यांचं कम्युटेटर असतं. ते काचपेपरने साफ केलं, एमरीने नाही, कारण एमरीचे कण तांब्यात रुतून बसतात. तांब्याच्या पट्ट्यांमधला अभ्रक हॅकसॉच्या ब्लेडने किंचित खाली कोरून काढला, म्हणजे कार्बन त्यावर उड्या मारणार नाहीत. कार्बन नवे घातले. मागचा पितळी बुश झिजला होता, तोही नवा. पण तो रात्रभर आणि दुसरा अर्धा दिवस तेलात बुडवून ठेवायला सांगून उस्ताद निघून गेले. हा बुश सच्छिद्र असतो, आधी तेल प्यायला लागतो, घाई केली तर महिन्याभरात आवाज करतो.

त्या रात्री स्वयंपाकघराच्या ओट्यावर वाटीत बुश तेल पीत पडला होता आणि मी मला काय खटकत होतं ते शोधत बसले होते.

‘मूळ’ टिकवण्यासाठी दुरुस्ती करावी, असं म्हणता येणार नव्हतं. झाळ नवी, पट्टी नवी, कार्बन नवे, बुश नवा, आणि त्याआधी कोणा ‘र’ने बांधलेली गुंडाळी. चालत्या यंत्रात मूळचं काही राहत नाही. ज्यात सगळं मूळचं आहे ती गाडी कधी चाललीच नाही म्हणायची. दुसरीकडे, काम झाल्याशी मतलब म्हणावं, तर दादाचं बरोबर होतं आणि मी भावनेला किंमत मोजत होते. दोन्ही बाजू मला पुऱ्या पटत नव्हत्या, कारण दोघींचा डोळा वस्तूवर होता. एक तिच्या जन्माकडे बघते, दुसरी तिच्या उपयोगाकडे. मधे ती उघडणारे हात कोणीच मोजत नाही.

‘र’ने तो आकडा कोणासाठी कोरला? मालकासाठी नाही, मालक आत कधी बघत नाही. गिऱ्हाईक मिळवण्यासाठी नाही. झाकण लावलं की तो दिसत नाही. तो फक्त अशा माणसाला दिसतो, ज्याच्यावर हे झाकण उघडायची पाळी येईल. ‘र’ला ठाऊक होतं की आपलं काम एक दिवस निकामी होणार आहे आणि तेव्हा कोणी तरी अनोळखी इसम इथे डोकं खुपसून बसेल. त्याला त्याने सांगून ठेवलं: इथे माझा हात लागला आहे, कंपनीचं समजून चालू नकोस. चव्वेचाळीस-पंचेचाळीस वर्षांनी तो निरोप पोचला आणि त्याने एका म्हाताऱ्या माणसाचा अर्धा दिवस वाचवला.

आता त्या डायनमोसारख्या दिसणाऱ्या अल्टरनेटरकडे पाहा. उघडपणे अल्टरनेटर दिसणारा अल्टरनेटर बसवला, तर त्यात काही गैर नाही. बॉनेट उघडणाऱ्याला पहिल्या नजरेत कळतं काय आहे ते. पण जो डायनमोचा चेहरा लावून बसतो, त्याला उद्या एखादा उस्ताद ‘डी’-‘एफ’ जोडून डायनमोचा प्रश्न विचारील. त्याचं उत्तर डायनमोचं नसेल. विचारणाऱ्याचं सगळं ज्ञान बरोबर असूनही तो चुकेल, आणि स्वतःलाच दोष देईल. नुकसान कोणाचंच नाही असं मला वाटलं होतं, कारण मी विकणारा आणि घेणारा एवढेच मोजले होते.

यावर एक आक्षेप मी स्वतःलाच घेतला. दुरुस्ती दिसू न देणं ही तर कारागिराची शर्थ असते. रफूवाल्याचं कौशल्य कशात? शालीला भोक होतं हे कळू नये यात. तो काय फसवतो? नाही. पण शाल उलटी करून पाहा. उलट्या बाजूला रफू वाचता येतं. जाणकाराला कुठला धागा कुठून कुठे गेला ते दिसतं. सुलट बाजू अंगावर घेणाऱ्यासाठी, उलट बाजू पुढच्या रफूवाल्यासाठी. बाहेरून सफाई असावी, त्यात पाप नाही. आत मात्र खरं लिहिलेलं असावं. ज्या दुरुस्तीला उलट बाजूच ठेवलेली नाही, तिथे सफाईची लबाडी होते.

इथवर आल्यावर मला झोप येईना. कारण हे सगळं मी गाडीबद्दल बोलत नव्हते.

मी अनुवाद करते. हिंदीतून मराठीत, कधी मराठीतून हिंदीत. या शहरात या कामाला मोठा वारसा आहे. १९०० साली ‘छत्तीसगढ मित्र’ काढणारे माधवराव सप्रे मराठी घरातले. त्यांनी ‘दासबोध’ आणि टिळकांचं ‘गीतारहस्य’ हिंदीत नेलं, आणि १९२६ मध्ये रायपुरातच त्यांनी देह ठेवला. इथून सत्तरेक किलोमीटरवर राजनांदगावात गजानन माधव मुक्तिबोध आयुष्याच्या शेवटच्या वर्षांत हिंदीत लिहीत आणि शिकवत होते, आणि त्यांचे धाकटे भाऊ शरच्चंद्र मराठीत कविता लिहीत होते. ज्या भागात दोन्ही भाषा एकाच घरात नांदतात, तिथे अनुवादकाचं झाकण उघडू शकणारी माणसं पुष्कळ असतात. हे मला फार आधी सुचायला हवं होतं.

बारा वर्षांपूर्वी मी छत्तीसगडच्या खेड्यातली एक हिंदी कादंबरी मराठीत आणली. तिच्यात एक बाई रात्री भात रांधते, घरच्यांना वाढते आणि उरलेल्या भातात पाणी ओतून तो झाकून ठेवते. त्याला इथे बासी म्हणतात. सकाळी शेतावर जाण्याआधी माणूस ती कांदा-चटणीशी खातो. तिचा नवरा त्या रात्री परत येत नाही. सकाळी बासी तशीच झाकलेली. कादंबरीत त्यावर एक शब्दही जास्तीचा लिहिलेला नाही.

मी अडले. ‘शिळा भात’ म्हटलं की मराठी वाचकाच्या नाकाला वास येतो; दारिद्र्य दिसतं, कदाचित हेळसांडही. बासी म्हणजे उरलंसुरलं नव्हे, ती मुद्दाम उद्यासाठी केलेली असते. २०२२ मध्ये १ मे रोजी इथे सरकारी आवाहनावरून मंत्र्यासंत्र्यांनी बोरे-बासी खाल्ली, ती अस्मितेची गोष्ट म्हणून. मी रायपूरची, मला हे माहीत नव्हतं असं नाही. आमच्याकडे काम करणाऱ्या मावशी रोज सकाळी आमच्याच मागच्या अंगणात बासी खायच्या. पण तळटीप द्यायची तर ओघ तुटेल, आणि ओघ हा तेव्हा मला फार मोठा गुण वाटायचा. मी ‘बासी’च्या जागी ‘चटणी-भाकरी’ लिहिलं. भाकरीत कोणी पाणी ओतत नाही, म्हणून पाणी ओतण्याचं वाक्य गाळलं. सकाळच्या वाक्यात ‘भाकरी तशीच झाकलेली’ असं केलं. झालं. वाचायला अगदी गुळगुळीत.

परीक्षणांत ‘मुळात मराठीतच लिहिल्यासारखा’ असं कौतुक झालं. कोणी काही बोललं नाही. पण माझ्या मराठी कादंबरीत ती बाई उद्याची तयारी करत नाही. तिच्या पतीसाठी रात्रीची उरलेली भाकरी झाकून ठेवली आहे, इतकंच. ज्या एका कृतीत तिचा सगळा भरवसा होता, ती कृतीच मी काढून घेतली, आणि वरून चेहरा तसाच ठेवला. आत अल्टरनेटर.

लेखक आता हयात नाहीत, त्यांना विचारता येणार नाही. यंदा प्रकाशकांनी दुसरी आवृत्ती काढायचं ठरवलं आणि दुरुस्त्यांची यादी मागवली. मी दोन मुद्रणदोष कळवले होते आणि ‘बाकी काही नाही’ असं लिहिलं होतं.

अनुवादात सगळेच सुटे भाग बदललेले असतात. एकही शब्द मूळचा नसतो. तेव्हा ‘बदललं’ ही माझी चूक होऊ शकत नाही. बासीला भाकरी करणं हाही एखाद्याचा निर्णय असू शकतो, उघडपणे सांगितलेला. माझी चूक अशी की मी त्याची उलट बाजू ठेवली नाही. मूळ शेजारी ठेवून वाचणाऱ्या एखाद्या विद्यार्थ्याला ते पाण्याचं वाक्य माझ्याकडे सापडणार नाही, आणि तो आधी शंका घेईल ती स्वतःच्या हिंदीवर.

दुसऱ्या दिवशी दुपारी उस्ताद आले. डायनमो जुळवला. गाडीवर चढवण्याआधी टेबलावरच ‘डी’-‘एफ’ जोडून बॅटरी दिली, आणि एरवी वीज देणारं ते यंत्र वीज घेऊन मोटरसारखं हळूहळू फिरू लागलं. “अंदर सब ठीक है,” ते म्हणाले. मग गाडीवर बसवून, बॅटरीचं कुठलं टोक बॉडीला आहे ते बघून, दुसऱ्या टोकाची तार ‘एफ’ला क्षणभर टेकवली. लहानशी ठिणगी पडली. लोखंडात उरलेलं चुंबकत्व योग्य दिशेचं असावं, म्हणून हे करतात. मी विचारलं, एवढंच? “इतना ही. ज़्यादा देर पकड़ोगे तो जल जाएगा.” मग पुन्हा तोच प्रश्न, तोच तारेचा तुकडा, तोच मीटर. काटा थरथरला नाही. सरळ वीसवर गेला.

झाकण लावण्याआधी त्यांनी खिळ्याने ‘७९’च्या खाली यंदाचं साल कोरलं होतं. मी सांगितलं नव्हतं.

त्या संध्याकाळी मी नागपूरला फोन केला. डायनमो १९७९ मध्ये एकदा आणि आता एकदा उघडला आहे, मधला जोड नवा आहे, आणि मी आधी जे ‘हो’ म्हटलं ते मला पुरतं ठाऊक नसताना म्हटलं, हे सांगितलं. ते थोडा वेळ गप्प राहिले. दोन दिवसांनी त्यांनी किंमत कमी करून सांगितली. एका जोडासाठी एवढी कमी होत नाही हे मलाही कळतं. एक गोष्ट सांगितली म्हणजे न सांगितलेल्या आणखी असतील, असं त्यांना वाटलं असावं. खरं बोलण्याची ही किंमत मी धरली नव्हती. दादा आठवडाभर माझ्याशी मोजकं बोलला. व्यवहार आम्ही त्याच किमतीला केला.

प्रकाशकांना दुसरी यादी पाठवली: बासी परत, पाण्याचं वाक्य परत, आणि शेवटी अर्ध्या पानाची नोंद, की पहिल्या आवृत्तीत अनुवादिकेने इथे असं केलं होतं. त्यांचं म्हणणं, दुरुस्ती करा, पण नोंद कशाला? वाचकाला तुमच्यावर संशय येईल. हा मुद्दा खोटा नाही. नागपूरचा अनुभव ताजा होता. तरी मी नोंद काढलेली नाही. ती पुस्तकाच्या शेवटी, लहान टायपात असली तरी चालेल, असं कळवलं आहे. बहुतेकांच्या ती नजरेस पडणार नाही. ती त्यांच्यासाठी नाहीच.

गाडी नागपूरला जाण्याआधी उस्तादांनी ती एकदा शहरातून फिरवली. मी पुढच्या सीटवर होते. जयस्तंभ चौकात सिग्नलला थांबलो आणि लाल दिवा अंधुक पेटला. मी दचकून त्यांच्याकडे पाहिलं. “डायनमो है, दीदी. खड़े में इतना ही देगा,” ते म्हणाले. सिग्नल सुटला, गाडीने वेग घेतला आणि दिवा विझला.